डोकं अलीकडे, पाय पलीकडे

"नक्की कुठे वारल्या?" कारकुनानं विचारलं.

"घरी," चावीवाले म्हणाले.

"घरी म्हणजे कुठल्या खोलीत? आता फॉर्ममध्ये तेही विचारतात."

"निजायच्या खोलीत. पलंगावर."

एवढंच. पुढे पाच आठवडे जे काही झालं, ते या एका वाक्यामुळे झालं. ते बोलताना चावीवाल्यांनी मान खाली घातली होती आणि ते टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होते. पण नुकतीच बायको गेलेल्या माणसानं मान खाली घातली तर कोण कशाला संशय घेईल?

चावीवाले म्हणजे गावच्या पाणीपुरवठ्यातले जुने नोकर. एकतीस वर्षं खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन ते पहाटे निघायचे आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडायचे. निवृत्त झाले तेव्हा चावी परत घेतली गेली, नाव मात्र मागे राहिलं. त्यांच्या बायकोला सगळे अक्षरबाई म्हणत. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं. गावकचेरीच्या सभागृहात एक मोठा काळा लाकडी फलक आहे. वर्षभरात गावातली जी माणसं जातात, त्यांची नावं वर्षाच्या शेवटच्या दिवशी पांढऱ्या रंगानं त्याच्यावर लिहितात. सव्वीस वर्षं ही नावं अक्षरबाईनं लिहिली, एक पैसा न घेता.

बाई मोठी नियमाची होती. मृत्यूच्या नोंदवहीत नाव असेल तरच फलकावर नाव. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला यादी बंद. एकदा सुताराचा मुलगा बापाचं नाव घेऊन नव्या वर्षाच्या तीन तारखेला आला. ब्रश धुऊन ठेवलेला होता. बाई म्हणाली, "वर्ष बंद झालं, बाळा." सुतार अजून फलकावर नाही. त्याच्या घरच्यांनी पुढे चार वर्षं तिच्याशी अबोला धरला, आणि दाराची बिजागरी निखळली तेव्हा चावीवाल्यांना दुसऱ्या गावाहून सुतार आणावा लागला.

तर आता तिचं स्वतःचं नाव लागायचं होतं. आठ दिवस झाले होते जाऊन. वर्ष संपायला पाच आठवडे होते. चावीवाल्यांना वाटलं, पाच मिनिटांचं काम.

कारकून तरुण होता आणि स्वभावानं वाईट नव्हता. वाईट होता तो संगणक. त्याच वर्षी वरून सगळ्या कचेऱ्यांना हद्दीचे नवे नकाशे आले होते. घर क्रमांक टाकला की घर दिसे. कारकुनानं क्रमांक टाकला, आणि चावीवाल्यांचं घर दिसलं. त्याच्यावरून एक लाल रेघ गेली होती.

"काका," कारकून हळूच म्हणाला, "तुमच्या घरातून हद्द जाते."

"कसली हद्द?"

"गावाची. पुढचं घर आपल्यात आहे. ही मागची खोली निम्मी आपल्यात, निम्मी पलीकडच्या गावात. माणूस ज्या हद्दीत मरतो तिथेच नोंद होते. पलंग कुठल्या अंगाला आहे?"

"खिडकीपाशी."

कारकुनानं पडद्यावर बोट ठेवलं. "खिडकी पलीकडे जाते हो."

हा गावाचा भूगोल इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. दोन छोटी गावं, मध्ये ओढा. या बाजूचे लोक स्वतःला अलीकडचे म्हणतात आणि त्यांना पलीकडचे. त्या बाजूचे लोकही स्वतःला अलीकडचेच म्हणतात. स्वतःला पलीकडचा म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. दोन्हीकडे मिळून हजारभर डोकी, पण कचेऱ्या दोन, शिक्के दोन, आणि पोस्टाच्या एका पेटीवरून वाद मात्र एकच, तो तीस वर्षं चाललेला.

चावीवाले पूल ओलांडून पलीकडच्या कचेरीत गेले. तिथे खिडकीत एक बाई लोकरीचं विणत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, सुया खाली ठेवल्या नाहीत.

"ओढा कुठून जातो तुमच्या?"

"घराच्या मागून. चाळीस पावलांवर."

"मग संपलं की. आमची हद्द ओढ्याच्या मध्यापर्यंत. तुमचं घर ओढ्याच्या तिकडे. तुमचं माणूस तुमच्याकडे." टाके मोजत ती पुढे म्हणाली, "आणि आमच्याकडे औंदा मृत्यू फार झालेत. उगाच आकडा वाढला की वरून विचारणा होते, पाणी बरोबर आहे का म्हणून."

एकतीस वर्षं पाणी सोडलेल्या माणसाला हे लागलं. "माझी बायको पाण्यानं नाही गेली," ते म्हणाले. "हृदयानं गेली."

"कुणीही असंच म्हणतं," बाई म्हणाली.

घरी येऊन त्यांनी हे शेजारच्या हेडमास्तरांना सांगितलं, आणि तिथे दुसरी चूक झाली. हेडमास्तर निवृत्त होते आणि अकरा वर्षं एक ग्रंथ लिहीत होते: 'आपले गाव: भूगोल, इतिहास आणि कारभार'. भूगोल एका प्रकरणात उरकला होता, कारण गाव लहान. इतिहासाला दोन प्रकरणं लागली. कारभाराची तीन झाली होती, आणि एकाही भांडणाचा निकाल लागला नसल्यामुळे पुढे काय लिहावं हे त्यांना सुचत नव्हतं. चावीवाल्यांची हकीकत ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला. दुखवट्याला आलेल्या माणसाचा चेहरा असा उजळू नये, पण इलाज नव्हता.

"अहो चावीवाले, तुम्हाला कळतंय का तुमच्या घरात काय झालंय?"

"बायको गेली."

"ते झालंच. पण पूर! अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा पूर! एका रात्रीत ओढा चाळीस पावलं सरकला. जुना ओढा कुठून जायचा? तुमच्या मागच्या खोलीतून! आणि हद्दीचा करार पुराच्या आधीचा. त्यात नुसतं लिहिलंय, 'ओढ्याच्या मध्यातून'. आता कुठला ओढा? तेव्हाचा की आताचा? करार का झाला, तर ओढ्यातले मासे कुणाचे म्हणून. दोन्ही गावं इतकी भांडली की मासेच निघून गेले. पण करार राहिला!" त्यांनी वहीवर ठळक अक्षरात लिहिलं: प्रकरण सातवे.

ती मागची खोली चावीवाल्यांनी स्वतःच्या हातानं बांधली होती. बायकोला सकाळचं ऊन हवं होतं, अक्षरं काढायला. पाया खणताना गोल गुळगुळीत गोटे निघाले. "हे तर ओढ्यातले," ती म्हणाली, धुतले आणि एका वाडग्यात घालून खिडकीत ठेवले. गोटे शोभेला ठेवले, एवढंच दोघांना वाटलं. त्या वाडग्यात दोन गावांचा तंटा भरून ठेवलाय हे कुणाला ठाऊक!

मग सल्ले सुरू झाले. माणूस मेल्यावर लोक पहिले दोन दिवस रडतात, तिसऱ्या दिवसापासून सल्ला देतात.

न्हाव्यानं दाढी करता करता सांगितलं, "दवाखान्यात गेल्या म्हणून लिहा. दवाखाना सगळ्यांचा."

"दवाखान्यात नेलंच नव्हतं."

"मग रस्त्यावर म्हणा. रस्ता जिल्ह्याचा. कुठल्याच गावाचा संबंध नाही. हनुवटी वर करा."

"माझी बायको रस्त्यावर मेली नाही!" चावीवाले इतक्या जोरात म्हणाले की वस्तरा लागला. गालावर कापसाचा बोळा चिकटवून ते घरी आले, आणि वाटेत तिघांनी विचारलं, "पलीकडच्यांनी मारलं का?"

समोर राहणारी शिंपीण तेवढी काही बोलत नसे. दोन वेळचं जेवण झाकून आणून ठेवायची आणि जायची. एकदा मात्र उंबऱ्यात थांबली. "भाऊ," ती म्हणाली, "एकदा खरं काय ते..."

"राहू दे," चावीवाले म्हणाले.

ती गेली.

दोन कचेऱ्यांत पत्रं सुरू झाली. मधे फक्त पूल, आरोळी मारली तर ऐकू जाईल, पण पत्र जिल्ह्याला जाऊन परत यायचं. पहिल्या पत्रात बायकोला 'मयत' म्हटलं होतं. दुसऱ्यात 'कथित मयत' म्हटलं. तिसरं पत्र तर खुद्द अक्षरबाईच्या नावानं आलं: हद्दीच्या वादासंबंधी आपले म्हणणे मांडण्यासाठी आपण स्वतः अथवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे, गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

चावीवाल्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं काही म्हणणं नाही असं एकदाही झालं नव्हतं.

दर सोमवारी ते कचेरीत जात. दर सोमवारी सभागृहातून जाताना फलकाकडे बघत. यंदाचा रकाना रिकामा होता. पण जवळून पाहिलं तर त्याच्यावर पेन्सिलीच्या फिक्या रेघा होत्या. पुढच्या वर्षाच्या रेघा ती आदल्या वर्षीच आखून ठेवायची. दहा ओळी आखल्या होत्या. औंदा गावात तिच्याखेरीज नऊ गेले होते. दहावी ओळ कुणाची हे आखताना तिला कुठे माहीत होतं.

तीस तारखेला, म्हणजे शेवटच्या एक दिवस आधी, अखेर एकत्र मोजणी ठरली. त्यासाठी मुलगीही शहरातून आली. ती आईवर गेलेली, फटकळ. तिनं आल्या आल्या चपला काढायच्या आधी विचारलं, "एवढ्याशा नोंदीसाठी हे लोक आपल्या घरात मोजपट्टी घेऊन येणार? आणि तुम्ही येऊ देणार?"

"नाव लागायला पाहिजे," चावीवाले म्हणाले.

मोजणीदार तीन पायांचं यंत्र घेऊन आला आणि ते त्यानं सरळ निजायच्या खोलीत उभं केलं. मागोमाग कारकून, विणणारी बाई (विणकाम सोबत), वही घेऊन हेडमास्तर. शिंपीण चहाचे कप घेऊन आली आणि दारात अडकली, कारण आत जागाच नव्हती. जिथे दोन माणसांचाही एकमेकांना धक्का लागायचा, त्या खोलीत सहा माणसं आणि एक यंत्र उभं होतं.

"हे बघा गोटे!" हेडमास्तर वाडगा उचलून म्हणाले. "पुरावा!"

"खाली ठेवा ते," मुलगी म्हणाली. हेडमास्तरांनी चाळीस वर्षं मुलांना गप्प केलं होतं, पण वाडगा खाली ठेवला.

मोजणीदारानं यंत्रातून पाहिलं, आकडे सांगितले, दोरी धरली आणि खडूची पांढरी रेघ मारली. रेघ खिडकीखालून निघाली, जमिनीवरून आली, पलंगाच्या चादरीवर चढली, तिरकी गेली आणि दुसऱ्या बाजूनं उतरली. सगळे जवळ येऊन बघू लागले.

"उशी अलीकडे," कारकून म्हणाला.

"पाय पलीकडे," मोजणीदार म्हणाला.

"डोकं जिथे तिथे माणूस," बाई लगेच म्हणाली.

"असं कुठे लिहिलंय?" कारकून म्हणाला. "झोपेत डोकं पलंगाखाली लोंबत असलं तर काय माणूस खाली झोपला म्हणायचं? कशानं गेल्या?"

"हृदयानं," चावीवाले म्हणाले.

"मग हृदय कुठे होतं ते बघा."

मोजणीदारानं टोपी मागे सरकवली. तो सज्जन होता, त्याला स्वतःला लाज वाटत होती. "रेघ बरोबर छातीपाशी जाते," तो म्हणाला. "त्या कुठल्या कुशीवर होत्या त्यावर आहे. म्हणजे, साधारण अंदाज यावा म्हणून... काका, तुम्ही जरा तशा पद्धतीनं पडून दाखवता का? त्या जशा होत्या तशा."

"लाज नाही वाटत का रे?" मुलगी म्हणाली.

"वाटते हो ताई," मोजणीदार म्हणाला.

चावीवाल्यांनी चपला काढल्या. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते पलंगावर चढले. सहा आठवडे ते बाहेरच्या बाकावर निजत होते. बायकोच्या बाजूला ते लग्न झाल्यापासून कधी निजले नव्हते. ती बाजू तिची. तिथून छताचा एक ओला डाग दिसतो हे त्यांना आज कळलं. तो डाग पुसून रंग लावा म्हणून ती वर्षानुवर्षं मागे लागली होती, आणि ते म्हणत, "कुठाय डाग? मला तर दिसत नाही." खोटं नव्हतं ते. त्यांच्या बाजूनं तो दिसतच नव्हता.

"आणखी थोडं वर," कारकून म्हणाला. "हां. आता कूस डावी की उजवी?"

बाई पुढे वाकली. हेडमास्तरांनी पेन्सिल टेकवली. मोजणीदारानं दोरीचं टोक चावीवाल्यांच्या शर्टाच्या खिशाजवळ आणलं.

"काका? डावी की उजवी?"

"ती इथे गेली नाही," चावीवाले म्हणाले.

कुणाला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, छताच्या डागाकडे बघत.

"ती इथे गेली नाही. स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पलंगावरून उठू द्यायचं नाही. मी पोरीला रोज फोनवर सांगायचो, पाणीसुद्धा मी हातानं पाजतो म्हणून. पाजतही होतो. त्या दिवशी जेवलो, आणि आडवा होताना सवयीनं म्हणालो, चारला चहा मिळाला तर बरं होईल. झोपेत माणूस म्हणतो तसं. मला झोप लागली. ती उठली. मी उठलो तेव्हा साडेचार वाजले होते. भांडं करपलं होतं. लोक येणार, बघणार, आजारी बाईला चहा करायला लावला म्हणणार. म्हणून शिंपीणताईंना हाक मारली. आम्ही दोघांनी उचलून इथे आणून निजवली. केस नीट केले. त्यांनी मला सांगितलं होतं, असं करू नका म्हणून. मी ऐकलं नाही."

शिंपीण दारात कपांचा ट्रे धरून उभी होती. तिनं डोळे मिटले.

विणणाऱ्या बाईच्या सुया पहिल्यांदाच थांबल्या. हद्द, ओढा, पूर, मासे, करार, कशालाच आता अर्थ उरला नव्हता, कारण स्वयंपाकघर पुढच्या बाजूला, लाल रेघेपासून दहा पावलं आत, ओट्यासकट, भांड्यासकट, निखालस अलीकडच्या गावात होतं. पहिल्या दिवशी 'स्वयंपाकघरात' एवढं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

"मग... मग सातवं प्रकरण?" हेडमास्तर पुटपुटले, आणि स्वतःचंच ऐकून इतके ओशाळले की त्यांनी वही मिटली.

चावीवाले पलंगावर तसेच पडून होते. उठलो तर पोरीचं तोंड बघावं लागेल, म्हणून. ती शेवटी स्वतःच जवळ आली आणि खडूच्या रेघेवर बसली.

"बाबा. हातात काय होतं तिच्या?"

"चमचा."

"साखरेचा?"

चावीवाल्यांना साखर सहा वर्षं बंद होती. अक्षरबाईनं डबा कुलपात ठेवला होता आणि किल्ली स्वतःकडे.

"हो," ते म्हणाले. "डबा उघडा होता."

मुलगी म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून उठली असेल असं वाटतं तुम्हाला? आईनं कधी तुमचं सांगितलेलं काही केलंय?" तिनं बापाच्या खिशातून चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "उठा. चादर बदलायची आहे."

तिनं हे माफ केलं की नाही, ते चावीवाल्यांना कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

एकतीस तारखेला सकाळी दहा वाजता नोंद झाली. कारकुनानं 'मृत्यूचे ठिकाण' या रकान्यात लिहिलं: स्वयंपाकघर, ओट्याजवळ.

"चहा करताना, असंही लिही," चावीवाले म्हणाले.

"काका, त्याला रकाना नाही."

"मग समासात लिही."

कारकुनानं आजूबाजूला पाहिलं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं. त्याचं अक्षर किरटं होतं, पण लिहिलं.

साडेअकरा वाजले होते. सभागृहात फलकाखाली घडवंची लावलेली होती, रंगाचा डबा होता, ब्रश होता. नऊ नावं कारकुनानं शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडून सकाळीच लिहून घेतली होती. दहाव्या ओळीसाठी त्या यायला तयार होत्या. चावीवाले म्हणाले, "मीच लिहितो."

त्यांनी आयुष्यात चावी फिरवली होती, ब्रश कधी धरला नव्हता. घडवंचीवर चढले. खाली मुलगी घडवंची धरून उभी राहिली. थोड्या अंतरावर शिंपीण होती. हेडमास्तर होते, पण वही आणली नव्हती. पूल ओलांडून विणणारी बाईही आली होती, आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "इकडे कामच होतं."

पहिलं अक्षर ठीक आलं. दुसरं मोठं झालं. तिसऱ्यापासून नाव पेन्सिलीची रेघ सोडून खाली उतरू लागलं, आणि शेवटचं अक्षर तर चौकटीला टेकलं. रंगाचा एक ओघळ लाकडावरून निघाला आणि मध्येच थांबला.

घड्याळात बाराला सात मिनिटं होती.

"थोडं वाकडं झालं, काका," कारकून खालून म्हणाला. "पुसून पुन्हा लिहायला वेळ आहे अजून."

"ती असती तर पुसायला लावलं असतं," चावीवाले म्हणाले.

ओला ब्रश हातात धरून ते घडवंचीवर तसेच उभे राहिले, बारा वाजेपर्यंत. कुणीच पुसायला सांगितलं नाही.